मांजर फुलदाणीतलं पाणी पितं: दर जूनला उपटणारी भानगड आणि तिचा छडा

आमच्या ठमीला स्वतःचा स्टीलचा वाडगा आहे. त्यात रोज सकाळी ताजं पाणी असतं. तरी रात्री दोनच्या सुमारास ओटीवरून लप् लप् लप् असा आवाज येतो. बॅटरी मारली की दिसतं ते असं: मागचे पाय टेबलावर, पुढचा एक पंजा फुलदाणीच्या काठावर, दुसरा हवेत, आणि तोंड जरबेराच्या देठांत घुसलेलं. उजेड पडल्यावर ती एक डोळा माझ्याकडे फिरवते आणि पिणं चालूच ठेवते.

गुहागरला आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. त्यातल्या तीन खोल्या पर्यटकांना देतो, म्हणून ह्या फुलदाण्या. नाहीतर आमच्याकडे फुलं देवाला आणि वेणीत; पाण्यात उभी करून टेबलावर मांडायची हौस कोणाला होती! आता पाहुणे फोटो काढतात, त्यामुळे ओटीवर एक, जेवणाच्या टेबलावर एक आणि दारात पितळेची उरळी अशी सोय कायमची झाली. ठमीच्या हिशेबी ही तिन्ही तिचीच भांडी.

हा प्रकार दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू व्हायचा आणि गणपतीच्या आसपास आपोआप थांबायचा. पहिल्या वर्षी थांबला त्याचं श्रेय मी फुलदाणीभोवती मांडलेल्या लिंबाच्या सालींना दिलं. दुसऱ्या वर्षी बारीक तोंडाच्या सुरईला. तिसऱ्या जूनला साली आणि सुरई दोन्ही असताना फुलदाणी पुन्हा आडवी झाली आणि पाहुण्यांचं रजिस्टर भिजलं, तेव्हा कळलं की आपण दोन वर्षं ऋतू बदलण्यालाच उपाय समजत होतो. तुमच्याकडेही ही खोड येऊन-जाऊन असेल, तर कधी सुरू होते आणि कधी थांबते ते आधी कॅलेंडरवर लिहा. अर्धा छडा तिथेच लागतो.

आधी फुलं बघा, मांजराकडे मागाहून

कारण शोधायला आठवडे लागतील, पण विषारी फुलं आजच्या आज हलवावी लागतात. हे मी फार महागात शिकले.

लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेल्या एका जोडप्याने मोठा गुच्छ आणला होता. गुलाबी-पांढरी, मोठ्या पाकळ्यांची, घमघमाट सुटलेली लिली. मी कौतुकाने पाण्यात ठेवली. तासाभराने ठमी समोर आली तर नाकावर केशरी टिळा. मला हसूच आलं, फोटोही काढला. फोटो मुलीला पाठवला आणि तिचा उलट फोन आला: "आई, पुस तो आधी ओल्या फडक्याने आणि आहेस तशी डॉक्टरकडे निघ."

खऱ्या लिलीचं मांजराशी हाडवैर आहे. फुलवाल्याकडे ओरिएंटल, एशियाटिक, स्टारगेझर अशा नावांनी मिळते ती, आणि बागेत असते ती डे लिलीसुद्धा. पाकळी, पान, देठ, परागकण, इतकंच काय ती ज्या पाण्यात उभी असते ते पाणीही मांजराच्या मूत्रपिंडांना निकामी करू शकतं. पराग अंगावर पडतो, मांजर अंग चाटतं, की पोटात गेलाच. पहिल्या काही तासांत ओकाऱ्या, लाळ, जेवणाकडे पाठ. मग कधीकधी मांजर जरा बरं वाटल्यासारखं वागतं आणि आपण निर्धास्त होतो, पण एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बसतात. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. घरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही, त्याने वेगळंच दुखणं उभं राहतं. सरळ सलाईन लावू शकेल असा डॉक्टर गाठायचा. आम्ही पंचेचाळीस किलोमीटरवर चिपळूणला नेली, दोन दिवस सलाईनवर ठेवली, रक्त दोनदा तपासलं. निभावलं, कारण दोन तासांच्या आत पोहोचलो. गुच्छाचा एक देठ सोबत पिशवीत घेतला होता. डॉक्टरला फुलाचं वर्णन करत बसण्यापेक्षा ते बरं.

नावात लिली असलेलं प्रत्येक झाड मात्र ह्या जातीचं नसतं. पीस लिली हे वेगळंच प्रकरण. तिच्यात आणि आपल्या मनी प्लांटमध्ये कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की तोंडाची आग, लाळेच्या धारा. त्रास होतो, पण मूत्रपिंड जात नाही. बाटलीतला मनी प्लांट बहुतेक घरांत खिडकीत असतोच, तोही फुलदाणीच समजा.

आपल्या परसातलं म्हणाल तर कण्हेर पाण्यात ठेवूच नका. तांबडी, पांढरी, आणि पिवळी म्हणजे बिट्टी, सगळ्याच. हृदयावर परिणाम करणारं विष त्यात असतं आणि ते पाण्यातही उतरतं. देवाच्या तबकात सकाळी ठेवलेली बिट्टीची फुलं तांब्यात टाकायची सवय आमच्या सासूबाईंना होती, ती मोडावी लागली. शेवंती आणि ग्लॅडिओलस त्यामानाने सौम्य, पण पोट बिघडवतात. गुलाब आणि जरबेरा चालतात. दुकानातून आणलेले असतील तर त्यांच्यावर फवारणी झालेली असते, तेव्हा देठ-पानं धुऊन घ्या. कळलावीचं मी शेवटी सांगते, कारण ते गौरीचं प्रकरण आहे.

आणि फुलं टिकावीत म्हणून पाण्यात काय टाकता? आमच्याकडे कोणीतरी सांगितलं म्हणून मी ॲस्पिरिनची अर्धी गोळी चुरून टाकत असे. मांजराच्या यकृताला ॲस्पिरिन नीट फोडता येत नाही. माणसाच्या रक्तातून ते काही तासांत ओसरायला लागतं, मांजराच्या शरीरात दीड-दोन दिवस रेंगाळतं. गोळी बंद. ब्लीचचे थेंब बंद. फुलांसोबत येणारी पावडरची पुडी सरळ कचऱ्यात. रोज पाणी बदललं आणि देठ तिरपा कापला की फुलं तेवढीच टिकतात.

साखरही बंद केली, पण त्यामागचं माझं कारण चुकीचं होतं. मला वाटे की पाणी गोड लागतं म्हणून ही तिथे जाते. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव करून देणारं एक जनुक मांजरांमध्ये मोडकं आहे, हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणजे साखरेवर आळ घेण्यात अर्थ नाही. तिला तिथे दुसरंच काहीतरी आवडत होतं.

मग आवडतं तरी काय

पहिला प्रश्न मी हा विचारायला हवा होता: जून सोडून बाकीचे नऊ-दहा महिने ही पाणी कुठे पिते? मी गृहीत धरलं होतं की वाडग्यात. वाडगा रोज रिकामा करून भरताना किती कमी झालं हे कधी बघितलंच नव्हतं.

नातवाची दुधाची बाटली काढली, तिच्यावर मिलीच्या खुणा असतात. वाडग्यात मोजून दोनशे मिली ओतलं, शेजारी तसाच दुसरा वाडगा जाळी झाकून ठेवला, म्हणजे वाफेने किती उडतं तेही कळेल. चोवीस तासांनी दोन्ही मोजले. जाळीखालचा एकशे पंच्याण्णव. ठमीचा एकशे त्र्याण्णव. म्हणजे बाईसाहेबांनी दिवसभरात वाडग्यातून दोन मिली पाणी घेतलं होतं. तेही मिशा बुडाल्याने गेलं असेल.

सासूबाई पडवीत वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "ती कधी पीत होती गो त्या वाडग्यात? ती डोणीवर जाते."

विहिरीकडेला आमची जुनी दगडी डोण आहे, पूर्वी गुरांना पाणी द्यायची. पंपाची गळती तिच्यात ठिबकत असते, त्यामुळे ती कायम काठोकाठ. ठमी वर्षभर तिथे पीत होती. जून लागला की पागोळ्यांच्या पलीकडे ती पाऊल टाकत नाही. मागील दारापर्यंत जाते, पावसाकडे बघते, शेपटी झटकते आणि परत येते. डोण गेली म्हणून फुलदाणी आली. पाऊस उघडला की डोण पुन्हा सुरू, फुलदाणी बंद. एवढं साधं होतं ते, आणि मी साली वाळवत बसले होते.

पण एवढ्यावर उलगडा पुरा होत नाही. डोण नाही तर वाडगा का नाही? आणि पावसाळ्यात तहान कमी लागायला हवी, ही उलट जास्त का पिते?

दुसऱ्याचं उत्तर असगोलीहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी न विचारता दिलं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते. त्या दोन महिन्यांत मावशींच्या टोपलीत सुकट, सुके बोंबील, खारवलेले बांगडे. ठमीचं जेवण त्याच तारखेला बदलतं. एरवी तिला दोन वेळा मिळून दीडशे ग्रॅम उकडलेली मासळी आणि मऊ भात मिळतो. ह्या दोन महिन्यांत तिला बाजारातलं कोरडं खाणं, आणि वर सासूबाई लाडाने खाऱ्या बांगड्याचा तुकडा टाकणार.

हिशेब करून बघा. मांजराला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण चाळीस ते साठ मिली पाणी लागतं, जेवणातलं धरून. मावशींच्या ताणकाट्याला ठमीला पिशवीत घालून टांगली (ओरबाडे मला, मावशींना हसू), पावणेचार किलो भरली. म्हणजे दीडशे ते सव्वादोनशे मिली. मधला आकडा एकशे नव्वद धरू. मासळीत आणि शिजलेल्या भातात सत्तर-पंच्याहत्तर टक्के पाणीच असतं, तेव्हा दीडशे ग्रॅमच्या ताटातून शंभर-एकशे दहा मिली आपसूक पोटात जातं. डोणीवर प्यायचं राहिलं ऐंशी मिली. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के. पन्नास-पंचावन्न ग्रॅममधून मिळालं पाच मिली. बाकी एकशे पंच्याऐंशी तोंडाने प्यायचं, खाऱ्या बांगड्याची तहान वेगळी. मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. शिकारीतल्या ओलाव्यावर भागवणारी ही जात, तहान लागली तरी उशिरा कळते. तिला दिवसात दुपटीहून जास्त पाणी प्यायला लावलं तर ती सोयीची जागा शोधणारच.

वाडग्यात खोट काय होती

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीन दिवस थांबायचं, मोजायचं, हा नियम ठेवला. दहा गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाचा ते कळत नाही, आणि पुढच्या जूनला पुन्हा श्रीगणेशा.

पहिली शंका पाण्यावर. पाऊस सुरू झाला की ग्रामपंचायतीकडून पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर पडते. ते योग्यच आहे, पावसाळ्यात गढूळ पाण्याने माणसं आजारी पडतात. पण त्या दिवसांत नळाच्या पाण्याला जो वास येतो तो आपल्यालाही येतो, मग मांजराच्या नाकाचं काय सांगावं. फुलदाणीतलं पाणीही त्याच नळाचं, पण ते रात्रभर, दिवसभर उघडं राहिलेलं; क्लोरीन उडून गेलेलं. आता मी ठमीचं पाणी आदल्या संध्याकाळी पसरट पातेल्यात काढून जाळीखाली ठेवते. वाडग्यातलं पिणं दोनवरून पंधरा मिलीवर आलं. फरक पडला, पण पुरेसा नाही.

दुसरी शंका आली ती भांडी घासताना, आणि मी कपाळावर हात मारला. वाडगा रोज घासला जात होता लिंबाच्या वासाच्या साबणाने. फुलदाणी पितळेची, ती चिंचेने घासायची नि साध्या पाण्याने खळबळायची. मांजरांना लिंबूवर्गीय वास नकोसा वाटतो हे मला चांगलं माहीत होतं. त्याच भरवशावर मी फुलदाणीभोवती साली मांडल्या होत्या! म्हणजे एका हाताने फुलदाणीपासून हाकलत होते आणि दुसऱ्या हाताने वाडग्यापासून. साबण बदलला. हल्ली राखेने घासते. तीन दिवसांत चाळीस मिली.

तिसरी गोष्ट जागेची. वाडगा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता, जेवणाच्या ताटलीला खेटून, तोंड भिंतीकडे. तिथे प्यायचं म्हणजे पाठ मागीलदाराला, आणि मागीलदारातून शेजारचा बोका केव्हाही येतो. ओटीवरच्या टेबलावरून दार, पडवी, जिना सगळं दिसतं. जेवणाशेजारचं पाणी बऱ्याच मांजरांना नको असतं. ताटलीतला कण पाण्यात पडतो, वास लागतो. वाडगा उचलून ओटीवरच्या बाकाच्या टोकाला ठेवला.

चौथी भांड्याची. मांजर पितं कसं, ह्यावर अमेरिकेतल्या चार संशोधकांनी २०१० साली जलदगती कॅमेऱ्याने चित्रण करून लेख लिहिला. कुत्रं जीभ पळीसारखी मागे वळवून पाण्यात खुपसतं. मांजर जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवतं आणि झटक्यात वर ओढतं. जिभेमागोमाग पाण्याचा बारीक खांब वर येतो, तो पडायच्या आत तोंड मिटतं. सेकंदाला जवळपास चार वेळा, दर वेळी साधारण ०.१ मिली. (यातून एक फायदा झाला. रात्री अंथरुणातूनच लप्-लप् किती वेळ चाललं ते ऐकायचं. मिनिटभर चाललं तर वीस-पंचवीस मिली.) असं पिणाऱ्याला पाण्याची पातळी तोंडाजवळ हवी. आमचा वाडगा खोल, अर्धा भरलेला. ठमीला त्यात डोकं घालावं लागे, मिशा कडांना घासत आणि बाजूचं काही दिसत नसे. फुलदाणी मात्र मी पाहुण्यांसाठी रोज गळ्यापर्यंत भरत होते. डोणही काठोकाठ.

मग कुंभाराकडून मातीचा परळ आणला, वीतभर रुंद, तीन बोटं खोल. नवा परळ दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवला, मातीचा कच्चा वास गेला. काठापर्यंत भरला. माती गार ठेवते तो आणखी एक भाग. त्या रात्री आवाज आला तो बाकाकडून. मी उठले नाही, मोजत पडले. सकाळी परळात सत्तर मिली कमी होतं, त्यातलं थोडं मातीने प्यायलेलं असणार.

परळ रोज धुवायचा आणि पाणी रोज बदलायचं. कड बुळबुळीत लागली तर उकळतं पाणी ओतून उन्हात घालायचा. पावसाळ्यात ऊन कुठलं, म्हणून दोन परळ आलटून पालटून, एक चुलीशेजारी वाळत. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळलं की चौथ्या दिवशी ठमी फुलदाणीवर, हे मी दोनदा अनुभवलं. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आठवड्याभरात पंखांवर येतात, तेव्हा फुलदाणीचं पाणी तरी तुम्ही मांजर नसलं तरी बदलायलाच हवं.

पाणी खेळतं ठेवणारी विजेची कारंजी मिळतात. काही मांजरं त्यांच्यावर खूश असतात. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा कारंजं नुसता डबा उरतं, म्हणून त्या वाटेला गेले नाही.

ताटातून पाणी

खरं सांगायचं तर परळाइतकाच उपयोग ह्याचा झाला. कोरड्या दाण्यांवर तिप्पट कोमट पाणी घालून दहा मिनिटं ठेवायचं. पहिल्या दिवशी ठमीने ताटलीकडे असं बघितलं की मी तिला शिवी दिली असावी. मग एक चमचा पाण्यापासून सुरुवात केली आणि आठवड्याभरात वाढवत नेलं. बंदी लागण्याआधी मे महिन्याच्या शेवटी बांगड्याची डोकी, मुंडी-शेपट्या उकडून ते पाणी बर्फाच्या साच्यात गोठवते. मीठ नाही, हळद नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही; कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रोज एक तुकडा दाण्यांवर वितळवला की ताटली चाटूनपुसून साफ. दोन दिवस लाईट गेली तर साचा संपला, एवढी तयारी ठेवा.

खारा बांगडा बंद. सासूबाईंना मीठ आणि मूत्रपिंडाचं समजावून बघितलं, पटलं नाही. मग लिलीच्या वेळचं सलाईनचं बिल दाखवलं, पटलं.

फुलदाणीचं काय केलं

वर सांगितलेलं जमल्यावर फुलदाणीशी फार झगडावं लागलं नाही. तरी सवय एकदम जात नाही. तळाला ओंजळभर गोटे घातले, आता ती आडवी होत नाही. तोंडात कोंबड्यांच्या जाळीचा चुरगळलेला तुकडा बसवला. देठ उभे राहतात आणि तोंड आत जात नाही. पाणी गळ्यापर्यंत न भरता निम्म्यावर. बकुळ आणि सुरंगीचे वळेसर पाण्याशिवायच टांगते, पाहुण्यांना ते उलट जास्त आवडतात.

उरळीने मात्र हार पत्करायला लावली. पसरट, काठोकाठ भरलेली, वर तरंगती फुलं: मांजराला पाणी कसं वाढावं ह्याचा नमुनाच तो. शेवटी मी तिच्यात फक्त गुलाबाच्या पाकळ्या टाकते, पाणी सकाळ-संध्याकाळ बदलते आणि ठमी प्यायली तर पिऊ देते.

फवाऱ्याच्या बाटलीने तोंडावर पाणी मारायचा सल्ला मला चौघांनी दिला. केलं. ठमी एवढंच शिकली की मी जागी असताना टेबलावर जायचं नाही. फिनेलचा बोळा फुलदाणीखाली ठेवायचा सल्ला पाचव्याने दिला, तो कृपा करून कोणी ऐकू नका. फिनेल आणि डांबरगोळी दोन्ही मांजराला विष आहेत. पंजाला लागलं तरी चाटून पोटात जातं.

खोड नसून दुखणं असेल तर

आमच्या छड्याला ऋतूचा आधार होता. तुमचं मांजर कुठल्याही महिन्यात अचानक जास्त प्यायला लागलं असेल, जेवण तेच असताना, तर भांडी बदलत बसू नका. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, थायरॉईड वाढणं, तिन्हींत मांजर पाण्यावर तुटून पडतं. सात-आठ वर्षांपुढचं असेल, खाऊनही वाळत असेल, वाळूच्या डब्यातले गोळे मोठे होत असतील, तर दोन दिवस मोजा आणि आकडा घेऊन डॉक्टरकडे जा. पिण्याचं पाणी रोज किलोमागे पन्नास मिलीच्या वर जात असेल तर काहीतरी बिघडलं असण्याची शक्यता आहे. आणि बोका वाळूत बसून कुंथतोय पण थेंब पडत नाही असं दिसलं तर मोजूही नका, त्याच दिवशी न्या. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. गावातला सरकारी दवाखाना मुख्यतः गुराढोरांचा, पण डॉक्टर मांजरही बघतात. पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा १९६२ हा नंबर मोबाईलमध्ये घालून ठेवा.

आता गौरी

तोवर ठमी डोणीवर परतलेली असते, पण सणाला घर फुलांनी भरतं आणि तिचं कुतूहल जागं होतं. आमच्याकडे तेरड्याची गौर येते, सोबत रानातून गौरीचे हात आणतात, म्हणजे कळलावी. तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारखी पाकळी, दिसायला देखणी, आणि कंदापासून फुलापर्यंत सगळ्या झाडात कोल्चिसिन हे जहाल विष. माणसालाही पुरतं, पावणेचार किलोच्या जिवाला किती लागणार. पूर्वी ही फुलं आदल्या दिवशी आणून मागीलदारी बादलीत ठेवत असू, ताजी राहावीत म्हणून. आता बादली नाही. पूजेच्या दिवशी सकाळीच आणायची, ओल्या फडक्यात गुंडाळून उंच खुंटीला लावायची, गौरीपुढे मांडली की खाली गळलेली पाकळी लगेच उचलायची, आणि निर्माल्य झाकणाच्या डब्यात. बालके रांगती असतील तर त्यांच्यासाठीही हेच.

आणि गौर विसर्जनाला निघेपर्यंत ठमीची रवानगी माळ्यावर, परळासकट.